काळ्या चौकटीतलं आमंत्रण

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. मी म्हणते, तो माझा धंदा होता. गोर्ना लिपा गावच्या शाळेत मी जन्मभर शिकवलं. बाकाखाली कोणाच्या मांडीवर पुस्तक उघडं आहे, हे मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. त्यामुळे वेल्को जेव्हा काळ्या मखमलीचा भलामोठा गठ्ठा खांद्यावर टाकून वाचनघराच्या दारात उभा राहिला, तेव्हा आभार मानायच्या आधी माझ्या तोंडून प्रश्न निघाला.

"कुठून आणलास?"

"बाई, पडदा हवा होता ना? हा घ्या पडदा."

"मी विचारलं, कुठून?"

"मिळाला. आता हात लावा जरा, जड आहे."

वेल्को माझा जुना विद्यार्थी. आता पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर केस नाहीत, पण उत्तरं अजून तशीच. पूर्वी तो गावातून जिल्ह्याला जाणारी बस चालवायचा. ती बस बंद झाली. हल्ली काय करतोस म्हणून विचारलं, तर म्हणतो, "चालवतो इकडेतिकडे." काय चालवतो, कुणाचं चालवतो, पत्ता नाही.

पडद्याआधी त्याने दोन लांब बाकं आणली होती, चांगली पॉलिश केलेली. त्याआधी चार पितळी उभे दिवे. प्रत्येक वेळी मी विचारलं आणि प्रत्येक वेळी त्याने विषय बदलला. आमच्याकडे पैसे म्हणाल तर एक दमडी नव्हती, हे खरं. नगरपालिकेने नाटकाला मदत म्हणून एक नवं कुलूप दिलं होतं. रंगमंचावरची भिंत आम्ही खानावळीतून मागून आणलेल्या बिअरच्या रिकाम्या क्रेटांची रचली होती. वेल्कोच्या जुन्या बसचे पुढचे दिवे बॅटरीला जोडून उजेडाची सोय केली होती. असं असताना मखमलीचा पडदा आपण होऊन चालत येतो का?

नाटक माझं होतं. म्हणजे मीच लिहिलेलं, जन्मातलं पहिलं. नाव 'भाजलेल्या मिरच्या'. दोन बहिणी, पाठीला पाठ लावून असलेली दोन अंगणं, मधे भिंत. दर सप्टेंबरला दोघी आपापल्या बाजूला हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजतात, सोलतात, बरण्या भरतात आणि एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. धाकटी मी करणार होते. थोरली करणार होती इस्क्रा, म्हणजे आमच्या वाचनघराची व्यवस्थापक. पुस्तकं देणं, हॉल झाडणं आणि छत गळायला लागलं की बादल्या ठेवणं ही सगळी तिचीच कामं. वेल्को दोघींचे नवरे, पोस्टमन आणि पडद्यामागचा कुत्रा करणार होता.

नाटकातल्या बहिणी काल्पनिक आहेत, असं मी सगळ्या गावाला सांगितलं होतं. कुणाचाही विश्वास बसला नाही. बरोबरच आहे. माझी थोरली बहीण स्तोयना माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते आणि सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो.

कारण सांगते. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं शोकपत्रक निघतं. काळी चौकट, वर क्रूस, फोटो, दोन ओळी आणि खाली शोक करणाऱ्यांची नावं. ते फाटकावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर, चौकातल्या चेस्टनटच्या झाडाच्या बुंध्यावर लावतात. आणि एकदा लावून भागत नाही, चाळिसाव्या दिवशी, वर्षाने, पुन्हा पुन्हा लावतात. येता-जाता सगळे वाचतात. आई गेली तेव्हाचं पत्रक स्तोयनाने छापून घेतलं. मी सकाळी पावाच्या दुकानात गेले तर दारावर आई, आणि आईखाली लिहिलेलं, 'शोकाकुल कन्या स्तोयना व परिवार.' संपलं. माझं नावच नाही! शेवटचे सात महिने आईला भरवणारी मी, तिला उचलून न्हाऊ घालणारी मी, आणि अख्ख्या गावाने वाचलं की तिला एकच मुलगी होती.

स्तोयना म्हणाली, छपाईची चूक आहे. छापणारा गातोही तेच म्हणाला. गातोचं शवपेट्यांचं दुकान आहे, पुष्पचक्रं आणि शोकपत्रकंही त्याच्याकडेच. मी दोघांकडेही बघितलं आणि मला बाकाखालचं उघडं पुस्तक दिसलं. त्या दिवसापासून गातोच्या दुकानाची पायरी मी चढले नाही आणि बहिणीचीही नाही.

मला ती नाटकाला यायला हवी होती. दुसरं काही नको होतं. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची मी तिच्यासाठी मनात राखून ठेवली होती आणि त्या खुर्चीकडे बघून मी सगळे संवाद लिहिले होते. पण निमंत्रण द्यायला जाणं मला मेले तरी जमलं नसतं.

आणि आता वेल्को. एका संध्याकाळी तालीम संपवून मी घरी निघाले, तर हा स्तोयनाच्या गल्लीतून बाहेर पडताना दिसला. बगलेत गुंडाळी. मला बघून तो झटकन खानावळीत शिरला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिकडून गेले. पुन्हा तोच, त्याच गल्लीतून. त्या गल्लीच्या टोकाला गातोचं दुकान आहे हे माझ्या लक्षात होतं, पण मेलेल्यांच्या दुकानात वेल्कोचं काय काम? त्याच्या घरात तर सगळे ठणठणीत होते.

"स्तोयनाने त्याला फितवलंय," मी इस्क्राला म्हणाले.

ती टेबलावर फुलदाणी मांडत होती. "कशासाठी, नेदाबाई?"

"नाटक बंद पाडायला. हे दिवे, हा पडदा, सगळं चोरीचं निघेल बघ. नेमकं प्रयोगाच्या दिवशी पोलीस येतील."

"म्हणजे तुमच्या बहिणीने आधी पडदा चोरला, मग वेल्कोला पगारावर ठेवलं आणि मग पोलिसांना कळवलं? त्या बाईला गुडघेदुखीने जिना चढवत नाही."

"गुडघ्यांना काय झालंय? डोकं चालतंय ना तिचं! आणि हे काय मांडलंयस?"

"शेवंती. माझ्या बागेतली."

"मोज."

तिने मोजली. चार होती. आमच्याकडे सम आकड्याची फुलं फक्त मेलेल्यांना नेतात, जिवंत माणसाला नेहमी विषम. इस्क्राने जीभ चावली, घाईघाईने एक फूल उपटून काढलं आणि तीनदा थू थू केलं. ती अशा गोष्टींना फार घाबरते. रंगमंचावर शिट्टी वाजवलेली तिला चालत नाही, की टोपी पलंगावर ठेवलेली चालत नाही.

जाहिरातीची पत्रकं छापायची राहिली होती. नगरपालिकेच्या यंत्रातली शाई संपली होती आणि ती आमच्यासाठीच संपली होती असा माझा अंदाज आहे. गावात दुसरं यंत्र एकच, गातोचं. मी वेल्कोला मजकूर लिहून दिला आणि फोटो दिला. फोटो माझा, शाळेतून निवृत्त झाले तेव्हाचा, काळापांढरा. दुसरा धड फोटो नव्हता.

"जिल्ह्याला जाऊन छापून आण," मी बजावलं. "गातोकडे जायचं नाही. कळलं?"

"बघतो."

"बघतो नाही. सांग, कळलं?"

"कळलं, बाई," तो म्हणाला. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. शाळेत असतं तर मी त्याला तिथेच उभं केलं असतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला, पत्रकं काही आली नाहीत. शुक्रवारी मी त्याला झाडलं. म्हणाला, उद्या पहाटे सगळीकडे लावून टाकतो, तुम्ही काळजी करू नका. मी रात्रभर काळजी केली.

शनिवारी उजाडताच इस्क्रा आणि मी मागच्या दाराने वाचनघरात शिरलो ते दिवसभर बाहेर पडलो नाही. क्रेटांच्या भिंतीला चुना फासला, खुर्च्या पुसल्या. रंगमंचावर खऱ्या मिरच्या भाजायच्या होत्या, वासासाठी. त्या भाजायचं विजेचं मडकं लावलं की बाकीचे दिवे जातात का, ते पाहिलं. एकदा गेले. मग गेले नाहीत.

आणि मग विचित्र प्रकार सुरू झाले.

आधी मी खिडकीतून फडकं झटकत होते, तेव्हा खालून पावाच्या दुकानातली त्स्वेता चालली होती. तिने वर बघितलं, हातातली पिशवी टाकली, छातीवर क्रूस काढला आणि पळाली. साठीची बाई, पळाली! पाव रस्त्यातच पडले.

"बघितलंस?" मी इस्क्राला म्हणाले. "तोंड दाखवायची लाज वाटते तिला. तिकडे काहीतरी शिजतंय."

मग माझा फोन वाजला. मी "हॅलो" म्हणाले, पलीकडे कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला आणि फोन बंद. पुन्हा वाजला, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी एक म्हातारा आवाज अगदी हळुवारपणे म्हणाला, "नेदाच्या घरचं कोणी बोलतंय का?"

"मी नेदाच बोलतेय."

"अरे देवा," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

"धमक्या आहेत," मी म्हणाले.

"धमकी कुठे दिली?" इस्क्रा म्हणाली. "देवाचं नाव घेतलं."

"अशीच सुरुवात असते."

दुपारी वेल्को आला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मी त्याला विचारलं, पत्रकं लावली का? हो म्हणाला. कुठे कुठे? सगळीकडे, जिथे लावतात तिथे. एक मला दाखव. उरलं नाही. मग तो बराच वेळ बसच्या दिव्यांशी खाटखुट करत राहिला आणि दोनदा माझ्याकडे येऊन परत गेला. मला खात्री पटली. हा विकला गेलाय. प्रश्न एवढाच होता की नेमकं काय होणार आहे.

पाच वाजले तसा दाराशी आवाज सुरू झाला. आम्ही धरून चाललो होतो की नातेवाईक आणि खानावळीतले दोघंतिघं येतील. पण खुर्च्या सरकत होत्या, सरकतच होत्या. आणि बोलणं नाही. शे-दीडशे माणसं आत येतात आणि कुजबुजतसुद्धा नाहीत, हे गोर्ना लिपात कधी झालंय? मी मखमलीच्या फटीला डोळा लावला.

सगळे काळ्या कपड्यांत. हातात फुलं. शेवटच्या रांगेपर्यंत माणसं, भिंतीला टेकून उभी असलेली वेगळी. एका बाईच्या मांडीवर उकडलेल्या गव्हाचं ताट, वर पिठीसाखर, जसं आम्ही मयताला नेतो. दुसऱ्या रांगेत पाद्री, गुडघ्यावर धूपपात्र. बाजूचा कोणीतरी त्याला विचारत होता, "जेवणात मिरच्या आहेत म्हणे. पत्रकातच लिहिलंय. असं कोण लिहितं?"

"तिने स्वतःच लिहून ठेवलं असेल," पाद्री म्हणाला. "ती कोणावर विसंबायची नाही."

मी मागे वळले. "वेल्को!"

तो आलाच होता. हातात चुरगळलेलं पत्रक. ते त्याने माझ्यापुढे धरलं आणि डोळे मिटले.

काळी चौकट. वर क्रूस. मध्ये मी, निवृत्तीच्या दिवशीची, ओठ आवळलेली. खाली 'नेदा वुतोवा', त्याखाली 'भाजलेल्या मिरच्या', त्याखाली 'शनिवार, संध्याकाळी सहा, वाचनघर. सर्वांनी यावे.'

"जिल्ह्याला जायला गाडी कुठाय, बाई?" तो एका दमात बोलायला लागला. "मी गातोची मयताची गाडी चालवतो आता. त्यानेच दिलं सगळं, फुकट. बाकं, दिवे, पडदा. तुम्ही त्याच्या दुकानाचं नाव काढू देत नाही म्हणून बोललो नाही. पत्रकं अंधारात लावली, बघितली नाहीत. सकाळी बघितली तेव्हा गावभर झाली होती. मी काढायला लागलो, तर लोक म्हणाले, लाज नाही वाटत, बाई अजून पुरल्याही नाहीत."

"हा पडदा," इस्क्रा कापऱ्या आवाजात म्हणाली, "कशाचा आहे?"

"शवपेटीत लावायचा."

ती पडद्याला टेकून उभी होती. जी किंचाळली, ते बाहेर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी मखमल बाजूला केली आणि पुढे गेले. सगळा हॉल एकदम उभा राहिला. गव्हाचं ताट उपडं झालं. पाद्र्याने धूपपात्र पुढे धरलं, मला दूर ठेवण्यासाठी की आशीर्वाद म्हणून, ते त्यालाही माहीत नसावं. मागून त्स्वेता ओरडली, "मी सांगत होते ना! खिडकीत दिसली मला! कोणी ऐकेल तर शपथ!"

"मी जिवंत आहे," मी म्हणाले. "हे नाटक आहे. म्हणजे, हे नाही, याच्यानंतर आहे."

कोणीतरी हसलं. कोणीतरी रडत होतं, ते थांबेना. आणि मी बघितलं, तर पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीपुढे स्तोयना उभी होती.

तिने आईचा काळा रुमाल बांधला होता. डोळे सुजून बारीक झाले होते. हातात पांढरी शेवंती, चार. माझी नजर आधी फुलांवर गेली आणि मी मोजलं, हे सांगायला मला संकोच नाही.

"जिवंत आहेस तू," ती म्हणाली.

"आहे."

"सकाळी दूधवाल्याने सांगितलं मला. मी चुलीपाशी तशीच खाली बसले, नेदे. उठता येईना. शेजारणीने उठवलं. तुझ्या घरी माणूस पाठवला, तर दाराला कुलूप." तिचा आवाज मध्येच फुटला आणि मग एकदम चढला. "आणि तू इथे तोंडाला रंग फासून उभी! हे तूच केलंस. मला इथे आणायला. तुझ्या नाटकाला गर्दी व्हावी म्हणून तू स्वतःला मारलंस!"

"नाही गं."

"तूच! दुसरं कोणाचं एवढं डोकं चालणार?"

"ताई, छपाईची चूक आहे."

शब्द बाहेर पडले आणि मीच ते ऐकले. ते शब्द सहा वर्षांपूर्वी कोणी कोणाला सांगितले होते आणि कोणी ते ऐकून घेतले नव्हते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दाराशी गातो उभा होता, टोपी हातात, मान खाली. "नेदा," तो म्हणाला, "मी आधीच्या माणसाच्या कागदावरच पुढच्याचं लिहितो. यंत्रातलं मला तेवढंच येतं. या वेळी चौकट काढायची राहिली. तुझ्या आईच्या वेळी खालची ओळ चौकटीबाहेर गेली, ती छापलीच गेली नाही. त्या ओळीत तू होतीस. तेव्हाही हेच सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. खरं आहे, त्याने शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं. मी बहिणीकडे बघितलं. मला रडू आलं, सगळ्यांसमोर, चेहऱ्यावरच्या रंगासकट, आणि ते मी आवरलं नाही. सहा हिवाळे मी बरण्या एकटीने भरल्या होत्या.

"मी नसते आले एरवी," स्तोयना शेवटी म्हणाली. "तुझ्या नाटकाला. शपथ घेतली होती."

"माहीत आहे."

"आणि अजूनही माझी खात्री नाही, यात तुझा हात नाही म्हणून."

"माझीही नसती."

तिने नाक पुसलं. मग हातातल्या फुलांकडे असं बघितलं, जणू ती कोणी दुसऱ्यानेच तिच्या हातात दिली होती. त्यातलं एक तिने ओढून काढलं, देठ मोडला आणि कोटाच्या खिशात घातलं.

मी हात पुढे केला. तिने फुलं मागे घेतली.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "आधी नाटक बघते. माझ्याबद्दल काय काय लिहिलंयस ते कळू दे. मग ठरवते."

आणि ती त्याच खुर्चीवर बसली. तिच्यामागोमाग सगळे बसले. पाद्र्याने धूपपात्र खुर्चीखाली सरकवलं. वेल्कोने बसचे दिवे लावले, इस्क्रा मखमलीपासून हातभर अंतर ठेवून आपल्या जागेवर आली आणि मी मडक्यात पहिली मिरची टाकली. भाजल्याचा वास खाली पसरला तशी स्तोयनाने मान वर केली.

पहिला संवाद माझा होता. तो बोलायच्या आधी मी एकदा खाली बघितलं. तिच्या मांडीवर फुलं होती. मी पुन्हा मोजली. तीनच होती.